दवा, दारू आणि शरीराचे लष्कर

आधी एका शब्दाची गंमत पाहू या. घरात कोणी आजारी पडले, की मोठी माणसे म्हणतात, "काही दवा-दारू केली की नाही?" या 'दारू' शब्दाचा तुम्ही कधी विचार केला आहे का? हा मूळचा फारसी शब्द. फारसीत त्याचा अर्थ औषध असा आहे, आणि तुमच्या उर्दूतही 'दवा-दारू' म्हणताना तोच अर्थ असतो. हा शब्द मराठीत आला आणि त्याने निराळेच रूप घेतले. मराठीत दारू म्हणजे बंदुकीत आणि फटाक्यांत भरतात ती. म्हणून 'दारूगोळा' हा शब्द आहे. दारू म्हणजे शराबही. मराठी माणूस 'दवादारू' म्हणतो तेव्हा मात्र त्याला औषधपाणीच म्हणायचे असते.

दारूत जो नशा आणणारा पदार्थ असतो, त्याला अल्कोहोल म्हणतात. हा शब्दही पूर्वेकडूनच युरोपात गेला आहे. अरबीतील 'अल्-कुहल' म्हणजे सुरमा. सुरम्यासारख्या बारीक पुडीला युरोपातले लोक अल्कोहोल म्हणू लागले. पुढे कोणत्याही पदार्थाच्या अर्काला तेच नाव मिळाले, आणि शेवटी ते मद्याच्या अर्काला चिकटून राहिले.

शब्दात औषध दडलेले आहे, म्हणून पदार्थही औषध ठरतो का? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा तो लाखो लोकांच्या मनात आला. त्या दिवसांत आपण सगळेच तळहातावर सॅनिटायझर चोळत होतो. त्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'अल्कोहोल' असे लिहिलेले असे. मग लोक विचारू लागले, "अल्कोहोलने हातावरचा विषाणू मरतो, तर दारू प्यायल्याने पोटातला का मरणार नाही?"

हा विचार वरवर पाहता बरोबर वाटतो. त्यात चूक कोठे आहे ते आपण हिशेब करून पाहू.

सॅनिटायझरमध्ये शंभर भागांत साठ ते ऐंशी भाग अल्कोहोल असते. एवढे तीव्र अल्कोहोल कोरोनासारख्या विषाणूवर पडले, की त्याच्या भोवतीचे चरबीचे पातळ आवरण विरघळते आणि विषाणू निकामी होतो. आता रक्ताकडे वळू. आपल्या देशात वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, तर तो गुन्हा ठरतो. ३० मिलिग्रॅम म्हणजे एक टक्क्याचाही तेहतिसावा भाग! हेच प्रमाण ४०० मिलिग्रॅमच्या आसपास गेले, तर माणसाचा श्वास बंद पडून तो मरू शकतो. तरीही ते अर्ध्या टक्क्याच्या आतच असते. याचा अर्थ असा, की विषाणू मरण्याइतके अल्कोहोल रक्तात जमण्याच्या कितीतरी आधी माणूसच मरेल. विषाणूला त्याची खबरही लागणार नाही.

हा हिशेब माहीत नसल्यामुळे, आणि काही ठिकाणी केवळ व्यसनापायी, त्या साथीत माणसे प्राणांना मुकली. २०२० साली इराणमध्ये अशी अफवा पसरली, की दारू प्यायल्याने कोरोना बरा होतो. तेथे चोरून विकलेल्या दारूत मेथॅनॉल नावाचे विषारी अल्कोहोल होते. ते पिऊन शेकडो लोक मेले आणि कित्येक आंधळे झाले. २०२१ च्या एप्रिल महिन्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती, म्हणून काही जण सॅनिटायझर प्यायले. त्यांतले सात जण मरण पावले.

पण असे विष पोटात गेले नाही, तर काय? दुकानात मिळणारी साधी दारू विषाणूला मारत नाही, हे आपण पाहिले. मग ती निदान निरुपद्रवी असते का? हे समजण्यासाठी आधी आपल्या शरीरातील लष्कराची ओळख करून घ्यावी लागेल.

'लष्कर' हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नकोच. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत तो सारखाच आहे. शरीराच्या या लष्कराला मराठीत रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. प्रतिकार म्हणजे मुकाबला. हे लष्कर कोणी आणि कसे शोधले, त्याची एक छान हकिकत आहे.

१८८२ सालची गोष्ट. एल्या मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ इटलीतील मेसिना शहरी समुद्राकाठी राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली आणि ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले. त्यांच्यापुढे तारामाशाची पिल्ले होती. ही पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. पेशी म्हणजे सजीवाच्या शरीराचा सर्वांत छोटा घटक. उर्दूत तुम्ही त्याला 'ख़लिया' म्हणता. मेचनिकॉफ यांच्या मनात आले, या फिरत्या पेशी शरीराचे रक्षण तर करत नसतील? ते बागेत गेले, काही बारीक काटे घेऊन आले आणि ते पिल्लांच्या अंगात टोचले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींनी गर्दी केली होती! परक्या वस्तूला घेरून तिला गिळण्याची त्यांची धडपड चालली होती. या शोधासाठी मेचनिकॉफ यांना १९०८ साली, पॉल एरलिख यांच्याबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले. जाता जाता सांगायला हरकत नाही, मुंबईत १८९७ साली प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे याच मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

अशा भक्षक पेशी तुमच्या-माझ्या रक्तातही असतात. त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना मिळून पांढऱ्या पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत पांढऱ्या पेशी असतात. त्यांतले सर्वांत जास्त सैनिक अवघे काही तास किंवा दिवस जगतात. म्हणून हाडांच्या मगजात नवे सैनिक रात्रंदिवस तयार होत असतात. रोज सुमारे दहा हजार कोटी!

या लष्करात निरनिराळी पथके आहेत. काही पेशी जंतूला सरळ गिळून टाकतात. मोनोसाइट नावाच्या पेशी रक्तातून गस्त घालतात आणि गरज पडेल तेथे जाऊन भक्षक पेशी बनतात. काहींना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. आपल्याच शरीरातील एखादी पेशी विषाणूने बळकावली, तर या मारक पेशी तिला ओळखून मारतात. टी पेशी हेच काम अधिक नेमकेपणाने करतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. प्रतिपिंड हा विषाणूला जाऊन चिकटणारा आणि त्याला जखडून टाकणारा पदार्थ असतो. टी आणि बी पेशींची आणखी एक खुबी आहे. एकदा पाहिलेला शत्रू त्या वर्षानुवर्षे विसरत नाहीत. लस टोचतात ती याच स्मरणशक्तीच्या भरवशावर.

आता शत्रूकडे पाहू. जिवाणू आणि विषाणू यांत फरक आहे. जिवाणू स्वतः खातो, वाढतो. विषाणू तसा नसतो. तो इतका लहान असतो, की फ्लूचे दहा हजार विषाणू एका रांगेत ठेवले, तर ती रांग जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याला स्वतःचे घर नाही आणि कारखानाही नाही. तो आपल्या पेशीत घुसतो आणि तिच्याच यंत्रसामग्रीवर स्वतःच्या हजारो प्रती काढतो. म्हणून त्याच्याशी लढताना वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या काही तासांत शेजारच्या पेशींना सावध केले नाही, तर लढाई अवघड होऊन बसते.

शेजाऱ्यांना सावध करण्याचे काम कोण करते? १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन या दोघांनी फ्लूच्या विषाणूवर प्रयोग केले. त्यासाठी त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील पातळ पडदा वापरला होता. विषाणूचा हल्ला झालेल्या पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि तो मिळालेल्या दुसऱ्या पेशींत विषाणू वाढू शकत नाही, असे त्यांना दिसले. त्यांनी त्या पदार्थाचे नाव 'इंटरफेरॉन' ठेवले. इंटरफेरॉनला आपण पेशींचा पहारेकरी-दूत म्हणू. घराला आग लागली, की माणूस मरता मरताही ओरडून शेजाऱ्यांना उठवतो ना, तसेच हे आहे. इशारा मिळताच शेजारच्या पेशी आपली दारे-खिडक्या लावून घेतात.

हे एवढे समजले, की दारूचे काम समजायला वेळ लागणार नाही.

प्यालेली दारू जठरात जाते. तेथून थोडी आणि लहान आतड्यातून बाकीची सगळी रक्तात शिरते. तिला पचवावे लागत नाही, म्हणून ती फार लवकर रक्तात मिसळते आणि जेथे जेथे पाणी आहे तेथे तेथे, म्हणजे जवळजवळ साऱ्या शरीरभर, पसरते. मेंदूत पोहोचते तशीच ती हाडांच्या मगजातही पोहोचते. सैनिक जेथे जन्म घेतात ती जागाही तिच्यापासून सुटत नाही.

सीमेवरच्या चौक्यांपासून सुरुवात करू. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत असतात आणि धूळ, जंतू व चिकट द्रव वर घशाकडे ढकलतात. झाडूवाला रोज अंगण झाडतो, तसे म्हणा. रोज बरीच दारू पिणाऱ्याचे हे तंतू सुस्त होतात. अंगण झाडले जात नाही आणि आलेला जंतू खाली फुप्फुसात उतरतो. फुप्फुसातल्या भक्षक पेशीही अशा माणसात दुबळ्या झालेल्या असतात. १९९६ साली अमेरिकेत ३५१ अत्यवस्थ रुग्णांची पाहणी झाली. त्यांत दारूचे व्यसन असलेल्यांपैकी शेकडा ४३ जणांची फुप्फुसे सुजून निकामी झाली. व्यसन नसलेल्यांत हे प्रमाण शेकडा २२ होते.

दुसरी चौकी आतड्याची. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि तेथे ते आपल्याला त्रास देत नाहीत. आतड्याच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून हे जिवाणू बाहेर पडू शकत नाहीत. दारूने त्या भिंतीचे सांधे सैल होतात. जिवाणूंचे विषारी कण रक्तात झिरपतात आणि थेट यकृतात जातात. यकृत म्हणजे तुमच्या भाषेत जिगर. तेथल्या भक्षक पेशी खवळतात. शत्रू कोणीच नाही आणि तरी लढाई चालू, अशी स्थिती होते. या खोट्या लढाईत यकृताचे स्वतःचेच नुकसान होते.

रक्तातल्या सैनिकांचे काय होते, ते २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाहायला मिळते. अमेरिकेतील संशोधकांनी पंधरा निरोगी तरुण-तरुणींना त्यांच्या संमतीने एकाच बैठकीत चार-पाच पेले व्होडका दिली आणि वेळोवेळी त्यांचे रक्त तपासले. वीस मिनिटांनी काय दिसले? लष्कर एकदम चवताळून उठले होते. ज्याने तेवढ्यावरच प्रयोग थांबवला असता, तो म्हणाला असता, "बघा, दारूने ताकद वाढते!" पण संशोधक थांबले नाहीत. दोन तासांनी आणि पुन्हा पाच तासांनी रक्त पाहिले, तेव्हा मोनोसाइट आणि नैसर्गिक मारक पेशी रक्तात कमी झालेल्या होत्या. शांत राहा, लढू नका, असा निरोप देणारे पदार्थ मात्र वाढलेले होते. ही माणसे व्यसनी नव्हती, हे लक्षात घ्या.

इंटरफेरॉनचे काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ग्योंगी साबो या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला. निरोगी माणसांच्या रक्तातील मोनोसाइट पेशी त्यांनी बशीत वाढवल्या आणि त्यांत अल्कोहोल घातले. रोज चार-पाच पेले पिणाऱ्याच्या रक्तात असते तेवढेच प्रमाण त्यांनी ठेवले. मग विषाणू आल्यासारखा इशारा पेशींना दिला. २०११ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. अल्कोहोलमध्ये राहिलेल्या पेशींनी इंटरफेरॉन कमी तयार केले. म्हणजे शेजाऱ्यांना उठवणारा दूतच मुका झाला. दुसरी गोष्ट याहून विचित्र होती. बरेच दिवस अल्कोहोलमध्ये राहिलेल्या पेशींत दाह वाढवणारा टी.एन.एफ. नावाचा पदार्थ मात्र वाढला. एकीकडे खरा इशारा दिला जात नाही आणि दुसरीकडे विनाकारण आग भडकते! माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दारू प्रतिकारशक्तीला नुसती 'कमी' करत नाही. ती तिची शिस्त मोडते. आणि शिस्त गेलेले लष्कर स्वतःच्याच गावाला त्रास देते, हे इतिहासाच्या तासाला तुम्ही वाचलेच असेल.

बशीतल्या पेशींवरून जिवंत प्राण्याविषयी बोलता येईल का, अशी शंका तुम्हांला आली असेल, तर ती योग्यच आहे. २००८ साली आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी काही उंदरांना आठ आठवडे अल्कोहोल मिसळलेले पाणी पाजले आणि नंतर त्यांना फ्लूची लागण केली. साधे पाणी पिणाऱ्या उंदरांशी तुलना केली, तेव्हा या उंदरांच्या फुप्फुसांत विषाणू जास्त सापडले, विषाणूशी लढणाऱ्या टी पेशी कमी सापडल्या आणि मरणारे उंदीरही जास्त निघाले.

यकृताला सूज आणणारे हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू तर दारूचे जुने साथीदार आहेत. विषाणू एका बाजूने यकृत कुरतडतो आणि दारू दुसऱ्या बाजूने. ज्याला हिपॅटायटिस सी आहे आणि जो खूप पितो, त्याचे यकृत न पिणाऱ्या रुग्णापेक्षा कितीतरी लवकर कडक आणि निरुपयोगी होते. कावीळ झालेल्या माणसाला डॉक्टर पहिली सूचना दारूबद्दल देतात, ती उगाच नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एक घोट घेतला की रोग आलाच, असे कोणी तुम्हांला सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. घाबरवण्यासाठी सांगितलेले खोटे फार दिवस टिकत नाही, आणि ते उघडे पडले की मुले खरेही ऐकेनाशी होतात. दारू जितकी जास्त आणि जितकी वर्षे, तितके नुकसान मोठे, असे शास्त्र सांगते. मग थोडी प्यायली तर चालेल का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली याचे उत्तर दिले. अमुक इतकी दारू सुरक्षित आहे, अशी रेषा आखता येत नाही, असे तिने सांगितले. कारण दारूपासून होणारा कॅन्सरचा धोका थोड्या दारूपासूनच सुरू होतो. त्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात दारूमुळे सुमारे २६ लाख माणसे मेली. त्यांपैकी २ लाख ८४ हजार मृत्यू संसर्गजन्य रोगांचे होते. संसर्गजन्य म्हणजे एकापासून दुसऱ्याला होणारे रोग.

"सर्दीला दोन चमचे ब्रँडी द्या, लगेच ऊब येते," असे सांगणारे लोकही तुम्हांला भेटतील. ऊब येते हे खरे आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, गरम रक्त कातडीकडे धावते आणि अंग तापल्यासारखे वाटते. पण ती उष्णता शरीराच्या आतून आलेली असते आणि कातडीवरून हवेत निघून जाते. बाहेरून माणूस गरम, आतून मात्र अधिक थंड! सर्दीच्या विषाणूला या ब्रँडीचे काही सोयरसुतक नसते. आणि लहान मुलाला तर ती कधीच देऊ नये, कारण त्याचे यकृत दारूपुढे फार लवकर हात टेकते.

शेवटी लसीकडे येऊ. हा विषय जुना आहे आणि त्याची सुरुवात एका कुत्र्यापासून झाली.

पिसाळलेला कुत्रा चावला, की रेबीज होतो. हाही विषाणूचाच रोग. तो एकदा सुरू झाला, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. १८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा रेबीजची लस टोचली आणि तो मुलगा जगला. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी फ्रान्समधील लिल शहरात देलेआर्द नावाचे डॉक्टर काम करत होते. ही प्रयोगशाळा अल्बेर काल्मेत यांची होती. क्षयरोगावरच्या बी.सी.जी. लसीच्या नावातील 'सी' हे याच काल्मेत यांचे अक्षर. तुमच्या दंडावर त्या लसीचा वण असेल, तर एकदा पाहून घ्या.

देलेआर्द यांच्याकडे दोन रोगी आले. दोघांना एकाच दिवशी एकच पिसाळलेला कुत्रा चावला होता. एक होता मोठा माणूस; त्याला हाताला जखम झाली होती. दुसरे होते एक मूल. त्याला डोक्याला आणि चेहऱ्याला चावे होते. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे चालत जातो, म्हणून मेंदूजवळची जखम जास्त घातक. मुलाची आशा कमी होती. दोघांना सारखीच लस मिळाली. मूल वाचले. माणूस रेबीजने मेला. तो नेहमी दारू पिणारा होता.

दोन रोग्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे देलेआर्द जाणत होते. म्हणून त्यांनी सशांवर प्रयोग केले. पहिल्या गटातील सशांना त्यांनी आधी लस दिली आणि नंतर दारू पाजली. त्यांची मिळालेली प्रतिकारशक्ती टिकून राहिली. दुसऱ्या गटाला लस आणि दारू एकाच वेळी दिली. त्यांच्यात प्रतिकारशक्ती आलीच नाही. लस वाया गेली. लष्कराला शत्रूची ओळख पटवण्याचे दिवस होते आणि नेमके त्याच दिवसांत लष्कर नशेत होते. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही डॉक्टरांचा अनुभव याला जुळणारा आहे. हिपॅटायटिस बीची लस अतिमद्यपींच्या शरीरात इतरांइतकी चांगली लागू पडत नाही.

तिसऱ्या गटातील सशांना आधी बरेच दिवस दारू पाजली होती. पण लस टोचायला सुरुवात केली, त्या दिवसापासून त्यांची दारू बंद केली. या सशांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होऊ शकली.

स्वाध्याय

१. 'दारू' या शब्दाचे मराठीतील आणि फारसीतील अर्थ सांगा.
२. सॅनिटायझरने विषाणू मरतो, पण दारू प्यायल्याने मरत नाही. असे का? पाठातील आकडे वापरून चार-पाच वाक्यांत लिहा.
३. मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पिल्लाला काटा का टोचला?
४. व्होडकाच्या प्रयोगात संशोधकांनी वीस मिनिटांनंतरच तपासणी थांबवली असती, तर काय घडले असते?
५. वाक्यांत उपयोग करा : खबर लागणे, प्राणांना मुकणे, हात टेकणे, सोयरसुतक नसणे.
६. लष्कर, खबर, हिशेब, हकिकत हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा. कोणत्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत निराळा आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.